ड्राइव्ह-थ्रूची लाइन नेमकी अडते कुठे? (ठाणे, नवी मुंबई)

हिशोबनीस | शनि., रात्री ८:५०

घोडबंदर रोड घ्या, पाम बीच घ्या नाहीतर सायन-पनवेल हायवे. वीकेंडला ड्राइव्ह-थ्रूच्या लाइनीत शिव्या खातो तो खिडकीतला पोरगा. माझ्या मते तो सगळ्यात कमी दोषी. त्याच्या हातात पिशवी येईपर्यंत जो वेळ जायचा तो गेलेला असतो. वेळ जातो ऑर्डर सांगायच्या माइकच्या खांबापाशी आणि आतल्या टेबलावर, आणि मग "सर, गाडी जरा पुढे घ्या" या वाक्याखाली झाकला जातो.

आधी हिशोब. गाडी तीन ठिकाणी थांबते. धरा, ऑर्डरला ४५ सेकंद, पैशांना ३०, पिशवी घ्यायला ५०. सगळ्यात सावकाश टप्पा ५०चा, म्हणजे तासाला जास्तीत जास्त ७२ गाड्या. आता यूपीआय अडकलं आणि पैशांचे ३०चे ७० सेकंद झाले, की आकडा ५१वर येतो. मग पिशवीच्या खिडकीत आणखी दोन माणसं उभी करा, ५१चे ५२ होणार नाहीत.

दुसरं, लाइनीची लांबी. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आहे: आत असलेल्या गाड्या = येण्याचा वेग × एका गाडीचा एकूण वेळ. मिनिटाला एक गाडी येते आणि ६ मिनिटांनी बाहेर पडते, तर आत सरासरी ६ गाड्या. मधल्या अंतरासकट गाडीला ६ मीटर धरले तर ३६ मीटर. एवढी लेन आपल्याकडच्या बऱ्याच प्लॉटवर बसते. त्याच ६ मिनिटांची ९ झाली की ५४ मीटर, आणि शेपूट सर्व्हिस रोडवर. मग हॉर्न, मग ट्रॅफिक पोलीस.

आतली माहिती असलेल्यांनी लिहा. "अमुक ठिकाणी बर्गर गार मिळाला" हे किस्से कृपया इथे नकोत.

गरम_तेल | रात्री ९:१५

"आतलं टेबल" म्हणून एका शब्दात उरकू नका साहेब, खरी मारामारी तिथेच आहे.

बाहेरून लाइन एक दिसते. आतल्या स्क्रीनवर चार लाइनी येऊन पडतात: काउंटर, किऑस्क (स्वतः ऑर्डर टाकायची स्क्रीन), गाड्या आणि डिलिव्हरी ॲप. बर्गर लावणारे हात तेच. शुक्रवारी रात्री आठनंतर मानपाडा, वाघबीळ, कासारवडवलीच्या टॉवरांतून ऑर्डरी सुटायला लागल्या की तुमच्यापुढे गाड्या दोनच असतात आणि स्क्रीनवर ऑर्डरी दहा-बारा. त्यात पाऊस आला तर विचारूच नका.

इलाज फार अवघड नाही. गाड्यांच्या ऑर्डरी स्क्रीनवर वेगळ्या रंगात आणि वरच्या क्रमाने आणायच्या. ॲपवर तयारीची वेळ गर्दीपुरती ५-७ मिनिटांनी वाढवायची. रायडर बाजूला उभा राहू शकतो, दुसऱ्याची ऑर्डर आधी घेऊन जाऊ शकतो. लेनमधली गाडी कुठेही सरकू शकत नाही, आणि मागच्या सगळ्यांना अडवून बसते. दोघांच्या ५ मिनिटांची किंमत सारखी नाही.

आता आपल्याकडची खास गोष्ट. व्हेज आणि नॉन-व्हेजची टेबलं, भांडी, तळणी वेगळी. त्यामुळे दोन आलू टिक्की आणि एक चिकन ही ऑर्डर आत गेल्या गेल्या दोन ठिकाणी फुटते आणि पिशवी भरणाऱ्यापाशी परत जुळते. जे टेबल मागे पडेल त्याचा वेळ तो तुमचा वेळ. श्रावणात, नवरात्रात, संकष्टीला व्हेज टेबल तुंबतं आणि चिकनवाला हाताची घडी घालून उभा असतो. त्याला उचलून इकडे आणायचं तर हात धुणं, ग्लोव्ह्ज आणि एप्रन बदलणं आलंच, दोन-तीन मिनिटं सहज जातात. म्हणून कालनिर्णय बघून सहा वाजताच माणसं हलवावी लागतात. आठ वाजता गर्दीच्या तोंडावर हलवली तर दोन्ही टेबलं कोलमडतात.

फ्राईजबद्दल. उणे १८ अंशांचा माल, १६८ अंशांच्या आसपासचं तेल, साधारण ३ मिनिटं. मीठ मारल्यापासून ७ मिनिटांत गेल्या पाहिजेत, नाहीतर टाकून द्यायच्या. घाईत पोरं बास्केट काठोकाठ भरतात. तेल एकदम थंडावतं, फ्राईज तळल्या जाण्याऐवजी उकडतात, तेल पितात, वर वेळही जास्त घेतात. दोन तळण्यांत अर्ध्या-अर्ध्या बास्केट लावणं केव्हाही जलद. आणि मीठ तळणीवर धरून मारायचं नाही, तेल लवकर खराब होतं. तेलातल्या पोलर घटकांना (तेल तापून तापून खराब होताना वाढतात ते) २५ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा जुलै २०१८ पासून आहे. मीटर बुडवून आकडा वहीत लिहायला मिनिटही लागत नाही, तरी गर्दीच्या दिवशी पहिलं तेच राहून जातं.

पामबीच_प्राची | रात्री ९:३१

हे सगळं पटलं. पण "पुढे घ्या"चं काय? काही ठिकाणी मागे एकही गाडी नसते, तरी पुढे पाठवतात. त्याने कुणाचा वेळ वाचतो?

लूपकरी | रात्री ९:५८

प्राचीताई, गिऱ्हाइकाचा नाही वाचत. आकडा वाचतो. त्यासाठी घड्याळ कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं ते बघावं लागेल.

लेनच्या काँक्रीटमध्ये करवतीने आयताकृती खाच मारून त्यात तारेचे तीन-चार वेढे पुरलेले असतात. वर गाडी आली की तिच्या तळाच्या धातूत प्रवाह फिरतात, वेढ्यांचं इंडक्टन्स घटतं, तारेला जोडलेल्या डिटेक्टरची फ्रिक्वेन्सी वाढते आणि आत घड्याळ चालू होतं. गाडीच्या वजनाशी काही संबंध नाही. असं एक लूप ऑर्डरच्या खांबापाशी आणि एक पिशवीच्या खिडकीपाशी असतं. पैशांची खिडकी वेगळी असली तर तिथे तिसरं.

खिडकीचं लूप मोकळं झालं की सिस्टिमच्या लेखी गाडी गेली. पिशवी मिळाली की नाही हे तारेला कळत नाही. गाडी दहा मीटर पुढे घेतली की स्क्रीनवर हिरवा आकडा आणि तुम्ही पुढच्या जागेत सहा मिनिटं स्टिअरिंग धरून. बोनस त्या आकड्यावर असला की ही युक्ती कुणाला शिकवावी लागत नाही. आत स्क्रीनवरही तिचा जुळा भाऊ आहे: पिशवी भरायच्या आधीच ऑर्डर "झाली" म्हणून उडवायची. मग खिडकीतल्याला काय राहिलंय ते दिसत नाही आणि कोक विसरतो.

खरा वेळ तुम्हीच मोजा. पावतीवर ऑर्डरची वेळ छापलेली असते. पिशवी हातात आली की फोनवरची वेळ बघा. मधला फरक हा एकमेव आकडा गिऱ्हाइकाच्या कामाचा.

आता लूपचे आजार, कारण निम्मे आकडे त्यांनीच बिघडतात.

पेव्हर ब्लॉकखाली लूप टाकू नये. ब्लॉक खचतात, तार ताणली जाते, तुटते. स्लॅबच्या सळया वेढ्यांना अगदी लागून असल्या तर संवेदनशीलता पडते. लूपपासून डिटेक्टरपर्यंतच्या तारेला मीटरमागे वीसेक पीळ हवेत. सरळ सोडली तर शेजारच्या केबलचा गोंधळ उचलते. पावसाळ्यात खाचेच्या सीलंटला भेग पडून पाणी शिरलं की भुताच्या गाड्या मोजल्या जातात, लेन रिकामी आणि घड्याळ चालू. तपासायला आधी डिटेक्टर सोडवा, मग ५०० व्होल्टच्या मेगरने जमिनीशी इन्सुलेशन मोजा. १०० मेगाओहमच्या वर असलं तर ठीक. खाली आलं तर सीलंट थापण्यात पैसे घालवू नका, लूप नवीन टाका. आणि ही तपासणी मे महिन्यात करा. जुलैत करवत लावायला कोरडी लेन मिळत नाही.

खारेगावकर | रात्री १०:०४

बाईकवाल्यांचं काय? खांबासमोर उभं राहिलं तरी आतून कुणी बोलतच नाही.

लूपकरी | रात्री १०:०९

लूपच्या मधोमध बाईक नीट पकडली जात नाही. काँक्रीटमध्ये खाचेची काळी रेघ दिसते, त्या रेघेवर दोन्ही चाकं घेऊन थांबा. तरीही नाही झालं तर समजा डिटेक्टरची संवेदनशीलता कमी ठेवली आहे. दोन गाड्यांच्या मधे बाईक घुसली तर सिस्टिम तिला पुढच्या गाडीचाच भाग समजते, आणि मग खिडकीत ऑर्डरींचा क्रम सरकतो. बाईकवाल्याची पिशवी मागच्या गाडीला, त्या गाडीची तिच्या मागच्या गाडीला. खिडकीतल्याने गाडीचा रंग विचारून पिशवी दिली पाहिजे, निव्वळ क्रमाने नाही.

डबलचीज | रात्री १०:२०

अमेरिकेत सगळं ९० सेकंदांत मिळतं आणि आपल्याकडेच बोंब, असं कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच लिहितो. फास्ट फूड धंद्याच्या क्यूएसआर मासिकाच्या २०१९च्या पाहणीत तिथल्या मोठ्या साखळ्यांची सरासरी २५५ सेकंद होती, आदल्या वर्षी २३४. म्हणजे सव्वाचार मिनिटं, आणि आदल्या वर्षीपेक्षा जास्त. त्यात सगळ्यात सावकाश होतं चिक-फिल-ए, ३२३ सेकंदांच्या आसपास. पण अचूकतेत तेच वरच्या नंबरात आणि लाइन सगळ्यात लांब त्यांचीच. गिऱ्हाईक सेकंद मोजून पळून जात नाही. लाइन हलताना दिसली पाहिजे आणि पिशवीत मागितलेलं निघालं पाहिजे.

त्यांची पद्धत अशी की गर्दीत माणसं टॅबलेट घेऊन लेनमध्ये येतात आणि पाच-सहा गाड्या मागेच ऑर्डर घेतात. म्हणजे किचनला आधी खबर. आपल्याकडे हे का करत नाहीत?

आणि यंत्राने ऑर्डर घेण्याच्या बाता ऐकत असाल तर: मॅकडोनाल्डने आयबीएमबरोबरची आवाजावर चालणारी एआयची चाचणी शंभराहून जास्त आउटलेटमध्ये करून जुलै २०२४ मध्ये बंद केली. इंग्रजीत ही गत. "दोन मॅकव्हेजी, एकात अनियन नको, और एक कोल्ड कॉफी, साखर कम" हे त्या यंत्राला ऐकवा आणि गंमत बघा.

हिशोबनीस | रात्री १०:३८

टॅबलेटचा मुद्दा बरोबर. पण मे महिन्यात खारघरच्या उन्हात माणूस लेनमध्ये अर्ध्या तासापेक्षा जास्त उभा करू नये. सावली, पंखा आणि अदलाबदल हवी. जून ते सप्टेंबर टॅबलेटला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं की टच नीट चालत नाही. त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे खांबाच्या दोन गाड्या आधी दुसरा मेनू बोर्ड. गाडी खांबापाशी पोचते तेव्हा मागच्या सीटवरचं "मला काय आहे?" आटपलेलं असतं. कळंबोलीहून एक्स्प्रेसवेला लागणाऱ्या गाड्यांत पाच-सहा माणसं असतात, तिथे तर तो बोर्ड हवाच.

नकाशाकाका | रात्री १०:५५

लेनबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे इमारत गाडीच्या उजव्या हाताला हवी आणि लेन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. अमेरिकेचा आराखडा आणून आरशात उलटा करावा लागतो. डाव्या बाजूने चालणाऱ्या रस्त्याला हे सोयीचंही आहे: पहिल्या गेटने डावीकडे आत, इमारतीला वळसा, पुढच्या गेटने डावीकडे बाहेर. येणारी आणि जाणारी गाडी एकमेकींना कापत नाहीत.

बिघडतं कुठे? प्लॉटला एकच गेट असतं तिथे. आणि घोडबंदरला सर्व्हिस रोडवर बाहेर पडणारी गाडी उलट्या दिशेच्या बाइकांमुळे नाक काढून थांबते तिथे. खिडकीतून सुटलेल्या गाडीला रस्त्यावर घुसायला ४० सेकंद लागले तर तिच्या मागची गाडी खिडकीतच उभी. आत कितीही चपळ किचन असू द्या. खिडकी आणि गेट यांच्यात निदान दोन-तीन गाड्यांची जागा सुटली पाहिजे. "पुढे घ्या"वाल्या गाड्या तिथेच उभ्या करणं हा तर शुद्ध गाढवपणा. त्यांना लेनच्या बाहेर, बाजूला, नंबर लिहिलेली जागा हवी.

गरम_तेल | रात्री ११:०२

काका, शंभर टक्के. आणि लूपकरींनी "पुढे घ्या"ला सरसकट झोडपलं ते थोडं जास्त झालं. ऑर्डरमधल्या एका वस्तूला दोन मिनिटं बाकी आहेत आणि मागच्या गाडीची पिशवी तयार आहे, तर पुढे घ्यायलाच हवी. नियम एवढाच: मागची पिशवी तयार नसेल तर पुढे पाठवून फायदा शून्य. एका वेळी दोनच गाड्या, आणि पिशवी कोण नेणार ते आधी ठरलेलं. "कुणीतरी नेईल" म्हटलं की फ्राईज काउंटरवर गार होतात.

पामबीच_प्राची | रात्री ११:१०

पैशांचं पण लिहा कुणीतरी.

हिशोबनीस | रात्री ११:२१

वेळ खाणारा प्रकार म्हणजे खिडकीला चिकटवलेला छापील क्यूआर. गिऱ्हाईक स्कॅन करणार, रक्कम टाइप करणार, पिन टाकणार, मग स्क्रीन दाखवणार, मग आतला साउंडबॉक्स बोलायची वाट बघणार. वर पत्र्याचं किंवा स्लॅबचं छत, त्यामुळे नेटवर्क नेमकं तिथेच पडतं. बिलाच्या रकमेसकट पीओएसवर (बिलाच्या मशीनवर) येणारा क्यूआर निम्मं काम कमी करतो. रक्कम टाइप करायची नाही आणि पैसे आले की बिल आपोआप बंद होतं. त्याहून चांगलं म्हणजे तोच क्यूआर ऑर्डरच्या खांबावरच्या स्क्रीनवर दाखवायचा. लाइन पुढे सरकेपर्यंत पैसे भरून होतात.

गिऱ्हाइकाने करायचं ते: यूपीआय लाइट चालू ठेवा, १००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. किंवा कार्ड टॅप करा, ५००० पर्यंत पिन नाही. कूपन असेल तर ते खांबापाशीच सांगा. खिडकीत सांगितलंत की बिल रद्द करून नवीन करावं लागतं, त्यासाठी मॅनेजरचं कार्ड लागतं, आणि मॅनेजर तेव्हा फ्राईज भरत असतो.

खारेगावकर | रात्री ११:२६

शेवटचं वाक्य +१

डबलचीज | रात्री ११:३४

ऑर्डर चुकण्याचं मूळ बहुतेक वेळा ऐकण्यात असतं. डिझेल गाडी खांबापाशी इंजिन चालू ठेवून, एसी फुल, गाणी चालू, आणि मागच्या सीटवरून चौघं एकदम बोलतात. एकानेच बोला, खिडकी पूर्ण खाली, माइक तुमच्या खांद्याच्या रेषेत येईल अशी गाडी थांबवा. आधी नग, मग नाव, मग बदल: "दोन चिकन बर्गर, एकात मेयो नको". शेवटी एकूण वस्तू किती ते सांगा. आतल्याने ऑर्डर परत वाचून दाखवली नाही तर तुम्ही मागा. त्याला ८-१० सेकंद लागतात. खिडकीत चूक निघाली तर नवीन बर्गरला दोन-अडीच मिनिटं, आणि मागची सगळी लाइन थांबते. व्हेजच्या जागी चिकन गेलं तर आपल्याकडे ते नुसत्या वेळेवर भागतही नाही.

गरम_तेल | रात्री ११:४७

पिशवी भरायचा क्रम पण लिहून ठेवतो, कारण दर्जा तिथेच जातो. बर्गर तळाला आडवे, फ्राईज वर उभ्या, पिशवीचं तोंड एकच घडी घालून सैल. घट्ट दुमडलं की वाफ आत कोंडते आणि ठाण्याच्या दमट हवेत फ्राईज पाच मिनिटांत लोळतात. थंड पेय त्याच पिशवीत कधीच नाही, बाहेरून पाणी सुटून तळ फाटतो. पेयं वेगळ्या ट्रेमध्ये, झाकणाच्या कडेला अंगठा फिरवून. आइस्क्रीम सगळ्यात शेवटी, गाडी खिडकीत आल्यावरच मशीनखाली कप. व्हेज-नॉनव्हेज मिश्र ऑर्डर असेल तर दोन पिशव्या, वर स्टिकर. खिडकीत देताना नावं घेत द्यायचं. गिऱ्हाइकाने तिथेच उघडून बघायला हरकत नाही, पण नग मोजा, पाकिटं सोडू नका. सोडायची असतील तर बाजूच्या जागेत.

नकाशाकाका | रात्री ११:५८

पावसाळ्याचं एक राहिलं. छताची पन्हळ खिडकीच्या बाजूला उतरवलेली असली की धार बरोबर ड्रायव्हरच्या कोपरावर आणि पिशवीवर. छत गाडीच्या पलीकडे निदान अर्धा मीटर जायला हवं आणि पाण्याचा पाइप इमारतीच्या मागे. खिडकी आणि गाडी यांत फूटभरापेक्षा जास्त अंतर पडू नये म्हणून कडेला कठडा असतो. तो फार उंच बांधला तर लोक चाक घासायच्या भीतीने लांब थांबतात आणि अर्धं अंग बाहेर काढून पिशवी घेतात.

खारेगावकर | रात्री १२:०६

रूफ कॅरियरवर सायकल असेल तर?

नकाशाकाका | रात्री १२:११

लेनच्या तोंडाशी उंचीची आडवी पट्टी टांगलेली असते, तिच्यावर आकडा लिहिलेला असतो. सायकलसकट तेवढ्यात बसत नसेल तर पार्किंगला लावा आणि काउंटरवरून घ्या. लेनमध्ये शिरून मग अडकलात तर मागच्या सगळ्यांना रिव्हर्स घ्यायला लागेल.